तातूकाकांचा तिसरा प्रश्न

आमच्या कॉलेजात नवीन सर किंवा मॅडम आल्या की त्यांची मुलाखत दोनदा होते. पहिली आधीच होऊन गेलेली असते, ती मोठ्या लोकांनी घेतलेली. दुसरी होते प्राचार्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर, आणि ती घेतात आमचे शिपाई तातूकाका. पहिल्या मुलाखतीत नापास झालेला माणूस इथवर येतच नाही. दुसऱ्या मुलाखतीत पहिल्या दिवशी कोणी पास झाल्याचं मला आठवत नाही.

प्रश्न तीनच. गाव कुठलं, देव कुठला, आणि आवशीचा माहेर खंयचा. पहिले दोन प्रश्न तातूकाका ऑफिसातल्या भाषेत विचारतात, हात मागे बांधून, अगदी शुद्ध. तिसरा मात्र मालवणीतच येतो. समोरचा घाटावरचा माणूस बिचारा गोंधळतो. मग तातूकाका जरा चिडून सांगतात, "म्हणजे तुमच्या आईचं माहेर. आईला माहेर असेल ना?"

हे सगळं मला ठाऊक, कारण मी कॉलेजात चहा करते. केबिनला लागून एक चिंचोळी खोली आहे, तिथे माझा गॅस आणि कपबश्यांचं कपाट. दाराला पडदा. पडद्याच्या पलीकडे तो बाक, आणि बाकाशेजारी तातूकाकांचं स्टूल. माणसांसमोर जाऊन बोलणं मला जमत नाही. मी चौथी शिकलेली आणि समोर सगळी पुस्तकं शिकवणारी माणसं. पण पडद्याआडून ऐकायला काही लागत नाही.

तिसरा प्रश्न आला की मी चहा घेऊन बाहेर जात असे. कपबशी हातात आली की माणसाची उत्तरातून सुटका होते. चहा गरम आहे, साखर कमी-जास्त आहे, असं काहीतरी निघतं आणि आईचं माहेर मागे पडतं. नवीन माणसाच्या स्वागताला माझ्याकडून एवढंच. तातूकाका माझ्याकडे असे बघायचे, जणू मी तोंडाशी आलेला घास उचलून नेला.

"तुका घाई कसली असता गो?" ते नंतर आत येऊन म्हणायचे. "सुरमय घेताना कल्लो वर करून बघतंस मा? लाल आसा तर घेतंस. आणि माणूस तसोच घेवचो?"

मी कपबश्या विसळत राहायचे. मीही त्या परीक्षेतून गेले होते. पहिल्या दिवशी मी कसालची म्हटल्यावर, "कसालात कोणाची?" इथपासून सुरू होऊन शेवटी माझ्या मामांनी त्यांच्या चुलत्याकडून एकदा बैल घेतला होता असं निघालं. तेव्हा कुठे मला चहाच्या खोलीची किल्ली मिळाली. बैल मारका निघाला होता, हेही त्यांनीच सांगितलं.

तातूकाकांचं पाळण्यातलं नाव दत्ताराम. अंगाने काटकुळे, खाकी शर्टाचं वरचं बटणही लावलेलं, आणि एक भुवई कायम वर. ती भुवई खाली आलेली मी फार थोड्या वेळा पाहिली. बोलताना प्रत्येक दोन वाक्यांनंतर त्यांचं एक वाक्य येतंच, "माका संशय येता हां." कशाचा, ते दर वेळी सांगतील असं नाही.

विज्ञानाचे एक सर कोल्हापूरहून आले, ते येताना पाणी गाळायचं यंत्र घेऊन आले. तातूकाकांनी ते यंत्र टेम्पोतून उतरवायला मदत केली आणि थेट माझ्याकडे आले. "आमच्या बावडेचा पाणी हेंका चलणा नाय. पाणी चलणा नाय तेका माणसा काय चलतली? माका संशय येता हां." एक मॅडम आल्या, त्या सारख्या हसायच्या. "येवढी हसता, म्हणजे काय तरी लपयता." दुसऱ्या मॅडम हसत नव्हत्या. त्यांचा तर फारच संशय आला. कॉमर्सचे एक सर मासे खात नाहीत. ते आले तेव्हाच तातूकाकांनी निकाल दिला, "मासो खाय नाय तो हंय रवायचो नाय." त्या सरांनी इथेच घर बांधलं, इथल्याच मुलीशी लग्न केलं, त्यांची मुलगी आता शाळेत जाते. मी एकदा हळूच आठवण करून दिली, तर म्हणाले, "अजून बघतंय."

दर वर्षी कॉलेज सुरू झालं की नव्या प्राध्यापकांच्या स्वागताचा कार्यक्रम होतो. मोठ्या वर्गात बाक सरकवून जागा करतात. प्राचार्य फूल आणि नारळ देतात आणि दर वर्षी एकच वाक्य म्हणतात, "आपल्या महाविद्यालयाच्या कुटुंबात आपलं मनःपूर्वक स्वागत." ताट धरून उभे असतात तातूकाका. प्राचार्यांना ऐकू जाणार नाही आणि मला जाईल अशा आवाजात म्हणतात, "कुटुंब म्हणता, आणि आवशीचा गाव ठाऊक नाय."

पण एक सांगते. ताटातले नारळ त्यांच्या घरचे असतात. स्वतः सोलून, शेंडी नीट राखून, प्रत्येक कानाशी हलवून पाणी वाजतंय ना ते बघून आणलेले. फुलं त्यांच्या दारच्या अनंताची, केळीच्या पानात गुंडाळलेली. ज्यांचा सगळ्यात जास्त संशय, त्यांचाही नारळ कधी नासका निघाला नाही. मला हे जरा चमत्कारिक वाटायचं. पण तातूकाकांच्या बाबतीत चमत्कारिक वाटणं थांबवलं नाही तर माणसाला दुसरं काही कामच उरणार नाही.

असंच एकदा बेळगावकडचे सर आले होते. तिसऱ्या प्रश्नाला म्हणाले, "आई इकडचीच की. कुडाळच्या बाजूची." तातूकाका स्टुलावरून उठलेच. मी पडदा जरा बाजूला केला.

"नाव काय आवशीचा?"

"रजनी."

"ता सासरचा. माहेरचा काय?"

"माहेरचं सुशीला."

तातूकाका परत बसले. खाली आलेली भुवई परत वर गेली. मग अर्ध्या तासात त्यांनी सरांच्या आजोळचं नातं आपल्या मावशीच्या जावयापर्यंत आणून जोडलं, दुसऱ्या दिवशी सरांच्या खोलीवर बरका फणस पोचवला. सर खूश. पण मुलाखतीच्या दिवशी घंटा पाच मिनिटं आधी झाली आणि मुलं तास अर्धवट टाकून बाहेर आली. घंटा म्हणजे व्हरांड्यात टांगलेली लोखंडी पट्टी. ती तातूकाकांशिवाय कोणी वाजवत नाही आणि त्यांची वेळ चुकत नाही. प्राचार्यांनी विचारलं तर म्हणाले, "घड्याळाचा संशय येतो सर."

मागच्या वर्षी वैशाली मॅडम आल्या, भूगोलाच्या. एक सुटकेस, एक पिशवी, डोक्यावरून ओढणी. रात्रभर एसटीत बसून आलेल्या, तरी ताठ बसल्या बाकावर.

"गाव कुठलं?"

"हिंगोली जिल्हा, काका."

"देव कुठला?"

"आमच्या घरी सगळे चालतात."

तातूकाकांनी पडद्याकडे बघितलं. मी आहे हे त्यांना माहीत असतं. सगळे देव चालणारा माणूस म्हणजे केवढा संशय, ते मला त्या बघण्यातूनच कळलं.

"आवशीचा माहेर खंयचा?"

"आईचं ना? वसमतजवळ. लहान खेडं आहे, तुम्हाला नाव सांगून कळणार नाही."

मी चहा घेऊन गेले. मॅडमनी कप घेतला, मला म्हणाल्या, "तुम्ही पण बसा ना, ताई." त्या बाकावर मला कोणी बस म्हटलं नव्हतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. मग मॅडम तातूकाकांकडे वळल्या.

"आणि काका, तुमच्या आईचं माहेर कुठलं?"

तातूकाकांचा हात शर्टाच्या वरच्या बटणाकडे गेला. इतकी वर्षं बंदूक ज्या बाजूला धरली होती ती एकदम उलटी फिरली. "चौक्याचा," ते म्हणाले, अगदी वर्गात उठवलेल्या पोरासारखे.

"भाऊबहीण किती तुम्ही?"

"घंटा करूची आसा," तातूकाका म्हणाले आणि गेले. घंटेला अजून बराच वेळ होता, पण झाली.

पुढचे काही दिवस त्यांनी हिंगोलीचा पिच्छा पुरवला. स्टँडवर लांबून येणाऱ्या गाड्यांच्या ड्रायव्हरांना विचारलं. बर्फाच्या कारखान्यात घाटावरचे दोन कामगार आहेत, त्यांना गाठलं. देवबागला बोटीवर काम करणारा एक मुलगा लातूरचा निघाला, पण लातूरहून हिंगोलीला रस्ता जातो, नातं जात नाही. शेवटी माझ्या खोलीत येऊन डबा उघडून बसले आणि डबा तसाच ठेवला.

"खंयच पोचणा नाय गो ती," ते म्हणाले. "मी देवबागापासून गोव्यापर्यंत माणूस जोडून दाखयतंय. ही कोणाचीच नाय."

"चांगल्या आहेत हो त्या," मी म्हटलं.

"चांगली आसा तर रवायची नाय. बघ तू, जातली."

आणि मॅडम खरंच जायच्या बेतात आल्या. कारण होतं खोली. सुरुवातीला त्या समुद्राकडच्या एका लॉजवर राहिल्या. तिथे पर्यटक येऊन जाऊन, रात्री गाणी, आणि कॉलेज लांब. कॉलेजजवळच्या आमच्या वाडीत रिकाम्या खोल्या आहेत. मॅडमनी तीन घरी विचारलं. एके ठिकाणी म्हणाले, खोलीत लाकडं भरलीत. दुसरीकडे म्हणाले, मुंबईहून मुलगा येणार आहे. तिसऱ्या घरी आडनाव विचारलं, मग मॅडमना बसायला पाट दिला, सरबत दिलं, आणि विचारून सांगतो म्हणाले. कोणाला विचारणार ते सांगितलं नाही. एकटी बाई, परमुलखातली, हिचं मागेपुढे कोण ते ठाऊक नाही. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही.

मॅडम मला सांगत होत्या, चहाच्या खोलीत उभ्या राहून. "ताई, शनिवारपर्यंत काही झालं नाही तर बाबा म्हणतात परत ये. तिकडे शाळेत बघू म्हणतात." मग जरा थांबून म्हणाल्या, "कॉलेजात शिकवायचं म्हणून किती वर्षं घासली हो मी. आणि खोलीवरून परत जायचं."

प्राचार्यांनी "करू काहीतरी" म्हटलं. त्यांचं काहीतरी कधी होतं ते आम्हांला माहीत आहे.

शुक्रवारी दुपारी शालूवहिनी आल्या. कॉलेजच्या मागच्या बाजूला त्यांचं घर. पडवीला लागून चांगली स्वच्छ खोली, स्वतंत्र दार, विहीर जवळ. घरात त्या, त्यांचा नवरा आणि म्हातारी सासू. त्या माझ्या खोलीत येऊन बसल्या, पण माझ्याशी बोलायला नव्हत्या आल्या. बाहेरच्या स्टुलाकडे बघून म्हणाल्या, "तातूभावजी, जरा हंय येवा."

तातूकाका पडदा सारून आत आले.

"ती नवी मॅडम," शालूवहिनी म्हणाल्या. "खोली इचारूक येतली आमच्याकडे. तुमी चौकशी केलास मा? माणसा कशी आसत?"

वाडीत हे असंच आहे. नवीन माणसाबद्दल शेवटचा शब्द तातूकाकांचा. प्राचार्यांनी दिलेलं पत्र कोणी वाचत नाही. तातूकाकांनी "बघूया" म्हटलं की खोलीत लाकडं भरतात.

तातूकाकांनी हात मागे बांधले. मी चहा गाळत होते. मला वाटलं, आता "माका संशय येता" येणार आणि मॅडमची सुटकेस उद्या एसटीवर चढणार. त्यांची भुवई वर, नजर खिडकीबाहेर.

"काय ता सांगा भावजी. उगाच मगे ताप नको."

"माझी भाची ती," तातूकाका म्हणाले.

माझ्या हातातली गाळणी पातेल्यात पडली.

"भाची?" शालूवहिनींना माझ्यासारखंच झालं. "तुमका भैण खंय आसा?"

"आसा. इंदूचा चेडू ता."

"आणि तुमी तिका लॉजवर ठेवलास?"

"कामाच्या ठिकाणी नातो सांगूचो नसता," तातूकाका म्हणाले आणि पडदा सारून गेले. त्या दिवशी घंटा वेळेवर झाली.

मॅडमना हे सांगायला हवं होतं आणि माझी तर सांगायची हिंमत नव्हती. पण तातूकाकांनी ते स्वतःच केलं. तास संपल्यावर ते भूगोलाच्या वर्गाबाहेर उभे राहिले, मी फडकं घेऊन उगाचच व्हरांडा पुसत होते. ते ऑफिसच्या भाषेत बोलले.

"मॅडम, आपल्याला एक कळवायचं आहे. आपली परवानगी न घेता आपल्याला माझी भाची करण्यात आलेलं आहे. खोली मिळेपर्यंत. गैरसमज नसावा."

मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. मी मान हलवली.

"बरं, मामा," त्या म्हणाल्या.

तातूकाकांची भुवई खाली आली. दोन्ही भुवया एका ओळीत आल्यावर ते दुसराच कोणी माणूस दिसत होते.

संध्याकाळी मॅडमची पिशवी घेऊन मी शालूवहिनींकडे गेले, सुटकेस तातूकाकांच्या डोक्यावर. मॅडम म्हणत होत्या की तिला चाकं आहेत, ओढत नेता येते, पण ते ऐकायला तयार नव्हते. पडवीत शालूवहिनींची सासू बसली होती. तिला आता नीट दिसत नाही. तिने मॅडमना जवळ बोलावलं, हात धरून खाली बसवलं आणि तोंडावरून बोटं फिरवली. कपाळ, भुवया, नाक.

"इंदूचा चेडू," ती म्हणाली. "आवशीसारखाच नाक."

मॅडमनी माझा हात घट्ट धरला. मी त्यांचा धरला. तातूकाका सुटकेस डोक्यावर तशीच घेऊन उभे होते. मग ती खाली ठेवून, कोणाशी न बोलता निघून गेले.

मॅडम आत सामान लावायला गेल्या. म्हातारी माझ्याशी बोलत राहिली. मी बोलत नाही म्हणून लोक मला पुष्कळ सांगतात.

इंदू ही तातूकाकांची धाकटी बहीण. हुशार होती, पुस्तक घेऊनच जेवायला बसायची. तेव्हा हे कॉलेज नव्हतं, शाळाच होती. शाळेत घाटावरून एक तरुण मास्तर आले. त्यांना राहायला जागा नव्हती. तातूकाका तेव्हा कामधंदा शोधत स्टँडवर बसलेले असायचे. त्यांनीच मास्तरांची ट्रंक उचलली आणि आपल्या घरी आणली. बापसाला म्हणाले, चांगलो माणूस आसा, पडयेर रवतलो.

"हेनाच हाडल्यान, डोक्यार ट्रंक घेवन," म्हातारी म्हणाली. "कोण, खंयचो, काय एक इचारूक नाय."

वर्षभरात मास्तर गेले आणि इंदूही गेली. लग्न केलं म्हणे, पण कुठल्या गावी ते कोणाला कळलं नाही. मास्तरांचा गाव विचारलेलाच नव्हता ना. बापसाने सांगितलं, तिचं नाव या घरात काढायचं नाही. बापूस गेला, आई गेली. लग्न करायचं तातूकाकांच्या डोक्यातच नव्हतं. नाव न काढायची सवय तशीच राहिली.

मी घरी आले आणि भाकऱ्या थापताना एकदम थांबले. इतकी वर्षं मी समजत होते की तातूकाका माणसं गाळतात, गव्हातून खडे काढावेत तशी. नवीन आलेला प्रत्येक तरुण सर, प्रत्येक मॅडम. गाव कुठलं, देव कुठला. आणि मग ते शेवटचं, मालवणीतलं. ज्याची आई मालवणी बोलत असेल त्याला ते समजावून सांगावं लागलं नसतं. हुशार इंदूचं पोर शिकवायच्या धंद्यातच जाणार, असं त्यांनी धरलं असावं. आणि ते प्रत्येक वेळी तिथवर आले की मी चहा घेऊन मध्ये शिरत होते.

दुसऱ्या दिवशी तातूकाका खोलीत आले. उगाच कपाटातल्या बश्या मोजल्यासारखं केलं.

"गो नंदा, तुका काय वाटता? नाक?"

मॅडमची आई वसमतची. रोज दोनदा फोन येतो, मी आवाज ऐकलेला आहे. तातूकाकांनाही ते माहीत आहे. मी चहात साखर घातली, ढवळली.

"थोडंसं आहे," मी म्हटलं.

लगेच भुवई वर गेली. "तू इंदूक खंय बघलंस? तेव्हा तू कसालाक होतंस. माका संशय येता हां."

आणि ते हसले. मला ते हसू बघवलं नाही, म्हणून मी गॅसकडे बघत राहिले.

खोली मिळेपर्यंत म्हणून केलेलं नातं खोली मिळाल्यावर संपायला हवं होतं. पण आमच्या वाडीत एकदा लावलेलं नातं कोणी संपवू देत नाही. चतुर्थीला मॅडमना सुट्टी कमी, हिंगोली लांब. शालूवहिनी म्हणाल्या, मामाचा घर असताना ही हंय एकटी रवतली? मग तातूकाकांनी घर सारवून घेतलं, मखराला दोन जास्त पताका लावल्या. एरवी त्यांच्याकडे आरतीला शेजारची माणसं उभ्या उभ्या येऊन जातात. त्या वर्षी जो तो भाचीला बघायला आला आणि बसून राहिला. करंज्या मी केल्या. कोणी म्हणालं नाक इंदूचं, कोणी म्हणालं चालणं इंदूचं. एका म्हाताऱ्याने तर आवाजही ओळखला.

आरती झाल्यावर मॅडमच्या आईचा फोन आला. मॅडम सगळं सांगून बसल्या होत्या तिला. म्हणाल्या, "मामा, आईला बोलायचंय तुमच्याशी."

तातूकाकांनी फोन दोन्ही हातांनी धरला, नारळ घेतात तसा. पलीकडून बाईचा आवाज आला, मोठा, त्यांच्या तिकडच्या बोलीतला. "दादा, पोरगी लांब हाय बघा. तुमीच लक्ष ठेवा."

"हो, ठेवतो," तातूकाका म्हणाले.  फोन कानाशी तसाच. शेवटी म्हणाले, "जेवलंस?"

ते मालवणीत म्हणाले. पलीकडे कळलं की नाही कोण जाणे. पण "हो, हो, जेवले दादा" असं ऐकू आलं.

या वर्षी पुन्हा कॉलेज सुरू झालं. इंग्रजीचे एक नवीन सर आलेत, तरुण, चष्मा, बुटांना आमच्या आवाराची लाल माती लागलेली. बाकाच्या टोकाला बसलेले. वैशाली मॅडम तासाला जाताना थांबल्या आणि हसून म्हणाल्या, "मामा, जास्त छळू नका हं त्यांना." मग सरांकडे वळून, "घाबरू नका. नारळ चांगला मिळतो."

तातूकाकांनी शर्टाचं वरचं बटण चाचपलं. हे त्यांचं नोकरीतलं शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी त्या स्टुलावर दुसरा कोणी बसेल, तो काय विचारेल कोणास ठाऊक.

"गाव कुठलं?"

"सातारा जिल्हा. पण वडिलांच्या बदल्या होत होत्या, त्यामुळे बरीच गावं झाली."

"वडील काय करायचे?"

हा प्रश्न नेहमीचा नव्हता.

"शिक्षक होते."

स्टूल करकरलं. देव कुठला, हे विचारायचं राहून गेलं.

"आवशीचा माहेर खंयचा?"

मी पडद्यामागे ट्रे घेऊन उभी होते. चहा ओतलेला होता, बशीत बिस्किटं ठेवलेली होती. सर म्हणाले नाहीत की काय विचारलंत, कळलं नाही. ते चष्मा काढून पुसत होते आणि आठवत होते. तातूकाकांनी माझ्या पडद्याकडे बघितलं, दर वेळी बघतात तसं, आता ही येणार म्हणून.

मी गेले नाही. कपावर साय धरायला लागली. मी ट्रे तसाच धरून उभी राहिले.